दोन घरं, एक पुस्तक: दूरच्या नातवंडांबरोबर वाचताना

प्रश्न: आम्ही दोघं साताऱ्यात राहतो, मुलगा-सून न्यू जर्सीत. नातू आठ वर्षांचा, नात चार वर्षांची. व्हिडिओ कॉलवर मुलं दोन मिनिटं थांबतात आणि पळतात. मराठी समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. गेल्या वर्षी वीस मराठी पुस्तकं पाठवली, ती तशीच कपाटात आहेत. इतक्या लांबून मुलांबरोबर पुस्तकं वाचायची तर नेमकं काय करावं?

उत्तर: ती वीस पुस्तकं वाया गेलेली नाहीत, अर्ध्या वाटेवर अडकली आहेत. त्या घरात देवनागरी सहज वाचणारी माणसं दोनच, आणि ती दिवसभर कामात. नातवाला एकेक अक्षर जुळवत वाचावं लागत असणार, नातीला तेवढंही येत नसणार. पुस्तक पोहोचलं, वाचून दाखवणारा आवाज इथेच राहिला. म्हणून आता काही महिने नवीन काही पाठवू नका. सूनबाईंना त्या वीसही पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो पाठवायला सांगा आणि त्यातल्या पाच-सहा पुस्तकांची दुसरी प्रत तुमच्यासाठी साताऱ्यात विकत घ्या. इथून पुढे पुस्तक घ्यायचं ते दोन प्रतींत. एक तुमच्या मांडीवर, एक मुलांच्या. मुलांची चित्रपुस्तकं पातळ असतात. दुसऱ्या प्रतीला लागणारे पैसे बहुतेक वेळा परदेशी टपालखर्चापेक्षा कमीच भरतात.

दोन प्रतींचा आग्रह एवढ्यासाठी, की पान मुलाने स्वतः उलटायला हवं. आजीने कॅमेऱ्यासमोर धरलेलं पुस्तक चार वर्षांच्या मुलीला हलणाऱ्या, चकाकणाऱ्या चौकोनासारखं दिसतं. त्यावर बोट ठेवता येत नाही, मागचं पान परत बघता येत नाही, कोपऱ्यातला किडा शोधता येत नाही. स्वतःची प्रत मांडीवर असली की हाताला काम मिळतं आणि मूल बसून राहतं. नोकियाच्या संशोधकांनी २०१० च्या सुमारास दूर राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी पुस्तक आणि व्हिडिओ कॉल यांची सांगड घालून प्रयोग केले होते. मध्ये पुस्तक असलं की लहान मुलं नुसत्या गप्पांपेक्षा कितीतरी जास्त वेळ कॉलवर टिकतात, असं त्यात दिसलं.

दुसरी प्रत घरी आली की आधी पेन्सिल घ्या आणि पानांना नंबर घाला. पुष्कळ चित्रपुस्तकांत पृष्ठांक छापलेलेच नसतात, आणि निम्मी गडबड तिथे होते. तुम्ही सहाव्या पानावरचा हत्ती वाचताय, नात आठव्या पानावरचं माकड बघतेय, आणि ‘कुठलं पान गं?’ यातच वेळ संपतो. गोष्ट जिथे सुरू होते ते पान १, तिथून प्रत्येक पानाच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात ठळक आकडा. तिकडच्या प्रतीत सूनबाईंनी तसेच आकडे घालायचे. पाच मिनिटांचं काम आहे. मराठी आकडे घातलेत तर नातीला ते आपोआप ओळखू येऊ लागतील. कॉल तुटला तरी आकडा उपयोगी पडतो. ‘फोन गेला तर आहे त्या पानावर बोट ठेवून थांबायचं’ हा नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. मुलांना तो खेळ वाटतो.

आता वेळ. न्यू जर्सीचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते तासभर पुढे सरकतं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे येतं. या दोन आठवड्यांत हटकून चुकामूक होते, म्हणून दोन्ही तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर आजच लिहून ठेवा. मुलांची झोपायची वेळ संध्याकाळची साडेसात धरली तर तुमच्याकडे हिवाळ्यात सकाळचे सहा वाजलेले असतात, उन्हाळ्यात पाच. गोष्ट ऐकायला ही वेळ सर्वात चांगली, कारण मूल थकलेलं असतं, खेळ बंद झालेले असतात आणि अंथरुणात पुस्तक घ्यायची सवय तिकडच्या पुष्कळ घरांत असतेच. पहाटे उठणं जमत नसेल तर शनिवारी सकाळी त्यांचे साडेनऊ, म्हणजे तुमचे हिवाळ्यात रात्रीचे आठ आणि उन्हाळ्यात सात. कॅलिफोर्नियात नातवंडं असणाऱ्यांचं बरं असतं. तिथले संध्याकाळचे साडेसात म्हणजे इथले सकाळचे नऊ, उन्हाळ्यात आठ. लंडनला झोपेची वेळ साधत नाही. तिथे शाळेतून आल्यावरचे चार धरा, आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेनऊ होतात, उन्हाळ्यात साडेआठ. सिडनीत उलटं, तिथले संध्याकाळचे साडेसात म्हणजे तुमची दुपार, दोन किंवा तीन.

दोन्ही नातवंडांना एकाच कॉलवर बसवू नका. आठ वर्षांचा मुलगा उत्तरं आधी देतो, चार वर्षांची रुसते, आणि तुम्ही वाचायचं सोडून भांडण सोडवत बसता. नातीला आठवड्यातून दोनदा, दहा-बारा मिनिटं. नातवाला एकदा, वीस मिनिटं. ठरलेला वार, ठरलेली वेळ. कमी वेळ असला तरी चालेल, पण चुकवायचा नाही. आणि मूल अजून ऐकत असतानाच थांबायचं. कंटाळून उठल्यावर थांबलात तर पुढच्या वेळी त्याला तो कंटाळाच आठवतो.

पडद्यामुळे डोळे बिघडतील, सवय लागेल, ही आईवडिलांची काळजी खरी आहे. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दीड वर्षाखालच्या बाळांना पडदा नको असं सांगताना व्हिडिओ कॉलचा अपवाद केला होता. शिवाय दोन प्रती असल्या की मूल जास्त वेळ कागदाकडेच बघत असतं, फोनकडे अधूनमधून.

एखादं पुस्तक एकाच घरात असेल आणि कॅमेऱ्यातूनच दाखवावं लागेल, तर पुस्तक हातात धरू नका. हात हलतो आणि पान वाकतं. बैठं टेबल किंवा पाट घ्या. दोन्ही बाजूंना स्टीलचे डबे एकावर एक रचा, साधारण पस्तीस ते चाळीस सेंटिमीटर उंचीपर्यंत, आणि त्यांवर आडवी लाकडी फूटपट्टी किंवा अरुंद फळी ठेवा. फोन त्या फळीवर पालथा न ठेवता उताणा ठेवायचा, म्हणजे पडदा छताकडे आणि मागचा कॅमेरा खाली पुस्तकाकडे. कॅमेरा फळीच्या कडेबाहेर यायला हवा. उरलेला फोन रबरबँडने फळीला पक्का करा. कॉल सुरू करताना पुढच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवा, दोन शब्द बोला, मग कॅमेरा पालटण्याचं बटण दाबा. आता नातीला तुमचं पुस्तक वरून दिसेल आणि तुम्हाला पडद्यावर नात. फोन आडवा पडला की त्याला दिशा कळत नाही आणि चित्र एकदम उलटंपालटं होतं; म्हणून स्क्रीन फिरण्याची सोय आधीच बंद करून ठेवा. पुस्तकाची दोन्ही पानं मावत नसतील तर एकेक पान दाखवा.

उजेड बाजूने यायला हवा. गुळगुळीत आर्ट पेपरवर डोक्यावरच्या ट्यूबलाइटची पांढरी पट्टी उमटते आणि नेमकी चित्राच्या तोंडावर बसते. खिडकी डाव्या हाताला येईल असं बसा, किंवा ट्यूब बंद करून टेबललॅम्प बाजूने तिरका लावा. आणखी एक घोटाळा हमखास होतो. पुढच्या कॅमेऱ्याने पुस्तक दाखवताना तुमच्या पडद्यावर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसतात. ती फक्त तुम्हाला तशी दिसतात, समोरच्याला सरळच दिसतात. आजोबा बिचारे पुस्तक फिरवत राहतात आणि तिकडे मुलं मान वाकडी करून बसतात.

घरात दुसरा फोन असेल तर एकावर चेहरा आणि एकावर पुस्तक असंही जमतं. त्या दुसऱ्या फोनचा माइक बंद आणि आवाज शून्यावर हवा, नाहीतर कर्कश शिट्टी घुमते.

वाचायचं कसं, यात सगळं आलं. फोनवर आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे बडबडगीत एका सुरात म्हणायला जाल तर दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात. एक ओळ तुमची, एक तिची, असं वाटून घ्या. याच कारणाने चार वर्षांच्या मुलीसाठी पुन्हा पुन्हा येणारी ओळ असलेल्या गोष्टी निवडा. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घ्या, चिऊ-काऊची घ्या. तुम्ही ‘चल रे भोपळ्या’ एवढं म्हणून थांबायचं. ‘टुणुक टुणुक’ ही तिची ओळ. पहिल्या आठवड्यात ती नुसती हसेल, दुसऱ्यात म्हणेल, तिसऱ्यात तुम्ही थांबायच्या आधीच म्हणेल. तेच पुस्तक दहा वेळा मागितलं तर दहा वेळा वाचा. त्या वयात ओळखीची गोष्ट पुन्हा ऐकण्यातच शब्द पक्के होतात; पुस्तक बदलायची घाई मोठ्यांना असते.

नेहमीपेक्षा सावकाश वाचा. प्रत्येक पानावर आधी चित्र बघू द्या, मग मजकूर वाचा, मग एखादंच बोलणं काढा. ‘हे काय आहे?’ हा प्रश्न दोन-तीनदा ठीक; सारखा विचारला की तोंडी परीक्षा होते. त्यापेक्षा ‘मांजर कुठे बघतंय गं?’, ‘आता हा पडणार की काय?’ असे प्रश्न चालतात. लहान मुलांबरोबर संवाद करत वाचण्याची एक पद्धत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली अभ्यासून मांडली. आपल्या भाषेत सांगायचं तर काहीतरी विचारा, उत्तराला दाद द्या, त्यात एक-दोन शब्दांची भर घाला, आणि ते वाढलेलं वाक्य तिच्या तोंडून सहज येईल असं बघा.

मराठीच्या बाबतीत ही भर घालणं फार मोलाचं आहे. नात म्हणाली, ‘डॉग स्लीपिंग!’ तर ‘मराठीत बोल’ म्हणू नका. ‘हो, कुत्रा झोपलाय. कट्ट्यावर ऊन खात झोपलाय,’ एवढं म्हणा आणि पुढे चला. ती ‘ती कुत्रा’ म्हणाली तर ‘हो ना, तो कुत्रा!’ म्हणा. चूक दाखवली नाही, बरोबर रूप मात्र कानावर पडलं. ‘मराठीत सांग’ हा आग्रह दोन-तीनदा झाला की मूल बोलणंच आवरतं घेतं. समजतंय ना, मग बोलणं मागून येईल. ते येण्यासाठी कानावर भरपूर पडू दे.

पुस्तकात अडणारे शब्द आदल्या दिवशी हेरून ठेवा आणि ती वस्तू हाताशी ठेवा. रवी म्हटलं की न्यू जर्सीच्या मुलाला वर्गातला एखादा रवी आठवतो. म्हणून स्वयंपाकघरातली लाकडी रवी आणा, कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर तिच्या पाकळ्या दिसतील अशी धरा आणि थांबा. फोनला नजर बसवायला दोन सेकंद लागतात. मग भांड्यात दही-पाणी घेऊन दोन्ही तळव्यांमध्ये रवी फिरवून दाखवा, फोन जवळ ठेवून तो घुर्र-घुर्र आवाज ऐकवा, वर आलेला फेस दाखवा. सगळं मिळून एक मिनिट. असं एका बैठकीत एकाच शब्दाचं करा. पाटा, सूप, परडी, खलबत्ता यांना पुढचे आठवडे आहेत.

नातवाचं प्रकरण जास्त अवघड आहे. इंग्रजीत तो बहुधा शंभर-दीडशे पानांची पुस्तकं एकटा वाचत असेल, आणि मराठी वाचन मात्र बालवाडीच्या पातळीवर. तुम्ही त्याला ‘सोपं’ म्हणून मोठ्या अक्षरांचं ससा-कासव दिलंत की त्याचा अपमान होतो. तो तसं बोलून दाखवणार नाही, पुस्तक कपाटात ठेवेल. यावर उपाय म्हणजे ऐकायचं एक आणि वाचायचं दुसरं. ऐकण्यासाठी त्याच्या बुद्धीला साजेसं घ्या, म्हणजे शोध, प्रवास, किल्ले, प्राणी, साहसकथा, आणि ते तुम्ही वाचा, दर वेळी एक प्रकरण रंगात आलं की तिथेच थांबून. त्याने स्वतः वाचायचं ते मात्र अगदी छोटं ठेवा. एखादं कोडं, विनोद, चित्राखालची ओळ, चित्रकथेतल्या फुग्यातलं वाक्य. फुग्यातली एका पात्राची वाक्यं त्याची, बाकी सगळं तुमचं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत बघायला मिळतात. एका पानाचं साहित्य शोधायला ती जागा उत्तम.

त्याच्या मराठी वाचनात काही अडथळे ठरलेले आहेत, ते तुम्हाला आधी माहीत असलेले बरे. देवनागरीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार एकाच अक्षरात लपलेले असतात. ‘चिमणी’तला च वेगळा, ‘चाक’मधला वेगळा; ‘जीभ’मधला ज वेगळा, ‘जवळ’मधला वेगळा. हे अक्षरात कुठेच दिसत नाही, फक्त ऐकून कळतं. तो ‘चाक’ चिमणीच्या च-ने वाचेल तेव्हा ती त्याची चूक धरू नका. पुढच्या वाक्यात तो शब्द तुम्ही सहज म्हणा. ‘खऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला र, ‘सूर्य’वरचा रफार आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ या जोडाक्षरांपाशी तो थांबेल. अशा वेळी तीन सेकंद गप्प राहा, मग शब्द सांगून टाका. एकेक अक्षर फोडून वाचायला लावलं की गोष्टीचा धागा तुटतो.

आणि नातवाच्या बाबतीत निम्मी वाट त्याच्याकडून तुमच्याकडे येऊ द्या. तो सध्या कुठलं इंग्रजी पुस्तक वाचतोय ते विचारा, तेच पुस्तक मिळवा आणि त्याच्याकडून एक प्रकरण वाचून घ्या. तुम्हाला न कळलेला शब्द त्याला विचारा. आजोबांना काहीतरी शिकवायला मिळतंय म्हटल्यावर तो वेळेवर येऊन बसतो, आणि पुढचं मराठी प्रकरण तक्रार न करता ऐकतो.

कॉल नसतो त्या दिवसांसाठी आवाज रेकॉर्ड करून ठेवा. फोनमधलं साधं रेकॉर्डिंगचं अ‍ॅप पुरतं. दारं-खिडक्या लावा, पंखा बंद करा, कुकर चढवायच्या आधी उरका. फोन घडी केलेल्या टॉवेलवर तोंडापासून वीतभर लांब ठेवा. थेट टेबलावर ठेवला तर पानांचा खरखर आवाज मोठा येतो. सुरुवातीला मुलांची नावं घ्या, पुस्तकाचं नाव सांगा, ‘पान एक उघडा’ म्हणा. पान संपलं की स्टीलच्या वाटीवर चमच्याने एकदा टिंग करा आणि मनात तीन मोजा. ही पान उलटायची खूण. चोवीस पानांचं पुस्तक असं सात-आठ मिनिटांत होतं. अडखळलात तर पुसून पहिल्यापासून सुरू करू नका, तेवढं वाक्य परत म्हणा. आजीचं खोकणंसुद्धा त्यात असू द्या.

चोवीस पानांच्या चोवीस व्हॉइस नोट पाठवू नका. चॅटमध्ये त्या इतर निरोपांत मिसळतात, क्रम बिघडतो, आणि मेसेज आपोआप पुसण्याची सोय चालू असेल तर काही दिवसांनी नाहीशा होतात. एका पुस्तकाची एकच फाइल करा, तिला पुस्तकाचं नाव द्या आणि गूगल ड्राइव्हवर ठेवा. शेअर करताना ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय निवडायला लागतो. तो मुळात बंद असतो आणि मग तिकडे ‘परवानगी मागा’ अशी पाटी येते. लिंकचा क्यूआर कोड बनवून देणाऱ्या मोफत साइट आहेत. तो अडीच-तीन सेंटिमीटरचा चौकोन छापून पुस्तकाच्या मागच्या मलपृष्ठावर आतून चिकटवा. नातीने आईचा फोन त्यावर धरला की आजी वाचायला लागते. चिकटवण्याआधी मात्र तो दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून बघा.

हे रेकॉर्डिंग घरातल्या घरात ठेवा. आपल्या नातवंडांसाठी वाचणं हा खासगी वापर झाला. तेच यूट्यूबवर सर्वांसाठी टाकणं म्हणजे लेखक-चित्रकार-प्रकाशकाच्या हक्कात हात घालणं. सर्वांना ऐकवायचंच असेल तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’वरच्या गोष्टी घ्या. २०१५ पासून चालू असलेल्या या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतल्या गोष्टी खुल्या परवान्याने मिळतात, त्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, आणि पीडीएफ उतरवून छापताही येतात. लेखक-चित्रकारांची नावं मात्र द्यायची. पुस्तक विकत घेण्याआधी मुलांना कशा प्रकारच्या गोष्टी आवडतात हे चाचपायलाही ती जागा चांगली.

पाठवण्याबद्दल थोडं. वीस पुस्तकं एकदम पोहोचली की तो ढीग होतो, त्यातलं कुठलंच ‘माझं पुस्तक’ होत नाही. महिन्याला एक किंवा दोन बास. कोणी तिकडे निघालं असेल आणि एकदमच द्यावी लागली तर प्रत्येक पुस्तक वेगळं कागदात गुंडाळा, वर क्रमांक आणि महिना लिहा, आणि खोकं सूनबाईंच्या ताब्यात असू द्या. त्या त्या महिन्याचं त्या त्या वेळी उघडायचं. टपालाने पाठवताना आधी प्लॅस्टिकची पिशवी, मग दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा बोटभर मोठे पुठ्ठे, म्हणजे कोपरे दुमडत नाहीत. कस्टमच्या फॉर्मवर मोघम ‘भेटवस्तू’ लिहू नका, ‘मुलांची छापील पुस्तके’ असं स्पष्ट लिहा; मालाचा प्रकार सांगणारा कोड छापील पुस्तकांसाठी ४९०१ आणि मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी ४९०३. पुस्तकांच्या पार्सलात लाडू-चिवडा घालायचा मोह आवरा. खाद्यपदार्थांना तपासणीचे वेगळे नियम लागतात, आणि तेल सुटलं तर पुस्तक गेलंच. अमेरिकेला पाठवण्याआधी टपाल कार्यालयात चालू नियम विचारून घ्या. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस तिकडची पार्सलं थांबवली होती, ती ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली. ज्यांची नातवंडं बंगळुरू किंवा दिल्लीत आहेत त्यांच्यासाठी टपाल खात्याची १ मे २०२५ पासूनची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा स्वस्त पडते: तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. ती जमिनीवरून जाते, त्यामुळे वाढदिवसाचं पुस्तक दोन-तीन आठवडे आधी टाका.

वर्षातून एक पुस्तक स्वतः करा. नातवंडांना सगळ्यात जास्त कुतूहल बाबांच्या लहानपणाचं असतं. बाबा कुठल्या झाडावरून पडले, शाळेत कोणाबरोबर जात होते, त्यांचं मांजर कुठे झोपत होतं. ए-फोर आकाराचे चार जाड कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की सोळा पानं होतात. चुकतं ते पानांच्या क्रमात. सगळ्यात बाहेरच्या कागदाच्या बाहेरच्या अंगाला डावीकडे १६ आणि उजवीकडे १ येतं, आतल्या अंगाला २ आणि १५. पुढच्या कागदावर १४ आणि ३, आत ४ आणि १३. मग १२ आणि ५, आत ६ आणि ११. शेवटच्यावर १० आणि ७, आत ८ आणि ९. कागदाच्या एका अंगावरच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी सतरा यायला हवी. ती बघूनच लिहायला किंवा फोटो चिकटवायला घ्या.

शिवण्यासाठी घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, एक मधोमध आणि दोन वर-खाली कडेपासून तीन-तीन सेंटिमीटरवर. जाड दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर काढा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणा. आतल्या लांब दोऱ्याच्या दोन्ही अंगांना एकेक टोक येईल असं बघून गाठ मारा. स्टेपलरपेक्षा हे टिकतं, आणि लहान मुलाला तार टोचत नाही. एका पानावर दोनच ओळी, तुमच्या हस्ताक्षरात, अक्षरं मोठी आणि सुटी. शेवटची दोन पानं कोरी ठेवा; ती नात भरून परत पाठवेल. अर्थात याच्याही दोन प्रती करायच्या.

मुलगा-सुनेकडून फार मागू नका. फोन टेकवायला एक स्टँड, मुलांच्या हाताला येईल असा एक खालचा कप्पा आणि ठरलेल्या वेळी कॉल लावून देणं, एवढं पुरे. कॉल लागल्यावर त्यांनी बाजूला व्हावं. ‘आजीला क-ख-ग म्हणून दाखव’, ‘ती कविता म्हण ना’ असं कोणी मागून बोललं की मुलांसाठी तो कार्यक्रम होतो. ते तुम्हीच प्रेमाने पण स्पष्ट सांगा. कॉलची सुरुवात ‘जेवलास का, शाळेत काय झालं’ यानेही करू नका. पुस्तक उघडूनच बसा, पान नंबर सांगा आणि वाचायला लागा. गप्पा मधल्या चित्रांवरून आपोआप निघतात.

नातू अकरा-बारा वर्षांचा झाला की ठरलेल्या वेळी येणं कमी होईल. तेव्हा कॉलचा आग्रह सोडा, दोन प्रतींचा मात्र चालू ठेवा. तुमची प्रत तुम्ही आधी वाचा, समासात पेन्सिलीने तुमच्या खुणा करा, कुठे हसू आलं, कुठे पटलं नाही, आणि ती खुणांची प्रत त्याला पाठवून कोरी स्वतःकडे ठेवा. ‘वाचलंस का?’ असं विचारू नका. पुढचं पुस्तक पाठवताना चिठ्ठीत आधीच्या पुस्तकातल्या एखाद्या पानाचा नुसता नंबर लिहा.